९-३ वरून ११-१३. हार पचत नाही, खेळ सुधारत नाही. काय करू?

अर्धा_डिफ्यूज

प्रश्न व्हॅलोरंटचा (पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा ऑनलाइन गेम) आहे, पण दुसरं काही रँक्ड (ज्यावर रँक ठरते अशा मॅच) खेळत असाल तरी सांगा. रोग एकच असावा.

काल रात्री ॲसेंट मॅप, सोलो क्यू, म्हणजे मित्रांशिवाय एकटाच. पहिला हाफ आमचा डिफेन्स. सगळं मनासारखं चाललेलं, ९-३. समोरच्या टीममधला एक जण सगळ्यांना दिसेल अशा चॅटमध्ये स्वतःच्याच माणसांना शिव्या घालत होता. म्हटलं, झालं, मॅच खिशात. हाफ बदलला. पिस्तूल राउंड (हाफचा पहिला, कमी पैशांचा) गेला. पुढचा गेला. त्याच्या पुढचाही गेला. कोणी बोलेना. ९-८ वर आमच्यातल्या एकाने सरेंडरचं मतदान लावलं. आम्ही पुढे असताना! ते फेटाळलं गेलं, पण तिथेच टीम मेली. शेवट ११-१३.

मी रेना (एजंट, म्हणजे गेममधलं पात्र) खेळतो. गोल्ड १ आणि गोल्ड २ यांच्यामध्ये बरेच महिने लोंबकळतोय. नेम वाईट नाही, डेथमॅचमध्ये बऱ्याचदा पहिल्या तिघांत असतो. रँक्ड लावण्याआधी रेंजमध्ये हात गरम करतो. क्रॉसहेअर कसा ठेवायचा, कोपरा कसा पीक करायचा, यावरचे व्हिडिओ तर पाठ झालेत. ज्यांच्याबरोबर सुरुवात केली ते मित्र वर निघून गेले. आता ते माझ्याबरोबर फक्त अनरेटेड (रँक नसलेल्या मॅच) खेळतात, तेही मन राखायला.

खरी अडचण हरल्यानंतरची आहे. हरलो की लगेच पुढची मॅच लावतो. गेलेले आरआर (रँकचे गुण) परत आणायचेत एवढंच डोक्यात असतं. तीही जाते. मग आणखी एक. रात्री आडवा झालो की छताकडे बघत राउंड आठवत बसतो: इथे वळलो असतो तर, तिथे थांबलो असतो तर. बहीण म्हणते, एवढा त्रास होतो तर खेळतोस कशाला. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून दोन प्रश्न. हरण्याची सवय होते का कधी? आणि टीममेट असे मिळत असतील तर सुधारायचं कसं?

"गेमच तर आहे" हे कृपया कोणी लिहू नका. ते ऐकून झालंय.

---

पिंगेश

आठवडाभर रँक्ड बंद. अनरेटेड खेळ, दुसरा एजंट घे, दुसरा गेम खेळ, काहीही कर. परत आलास की डोकं आपोआप थंड असतं.

आणि सेन्सिटिव्हिटी बदलू नकोस. हरल्यावर सगळे तेच करतात. हाताला जुनी सवय असते ती जाते, नवी लागायच्या आत पुन्हा बदलतात.

---

धूरवाली

आठवडा बंद ठेवून परत आलं की पहिल्या दोन मॅच बऱ्या जातात, तिसरीला मागच्या पानावरून पुढे चालू. माझा तरी या उपायावर विश्वास नाही.

अर्धा_डिफ्यूज, तुझ्या पोस्टमध्ये सगळं आहे, एक गोष्ट सोडून. चौदाव्या राउंडला, म्हणजे पिस्तूलच्या पुढच्याच, तू काय विकत घेतलंस?

उगाच विचारत नाहीये. हाफ बदलला की सगळ्यांचे पैसे पुसले जातात आणि प्रत्येकाच्या हातात पुन्हा ८०० क्रेडिट येतात. ९-३ ची आघाडी फलकावर राहते, पाकिटात येत नाही. तुम्ही पिस्तूल राउंड हरलात म्हणजे प्रत्येकी १९०० मिळाले, वर आधीची थोडी चिल्लर. इथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे चौदावा राउंड फुकटच्या क्लासिक पिस्तुलावर काढायचा. गेला तर २४०० मिळतात, म्हणजे पंधराव्याला हातात ४३०० च्या आसपास. वँडल रायफल २९००, हेवी शील्ड १०००, आणि एखाद-दुसऱ्या अबिलिटीपुरते उरतात. समोरच्यांइतक्याच तयारीने उतरता येतं.

दुसरी वाट म्हणजे लगेच स्पेक्टर बंदूक १६००, लाइट शील्ड ४००, पाकीट रिकामं. हरलात तर पंधराव्याला फक्त २४००, आणि कोणाला मारलं असेल तर प्रत्येकी २०० वर. एवढ्यात वँडलच येत नाही. म्हणून पुन्हा स्पेक्टर. तोही गेला की २९००, म्हणजे सोळाव्याला एकतर वँडल घेऊन उघड्या अंगाने जा, नाहीतर तिसऱ्यांदा अर्धवट. चिडून केलेली एक खरेदी, तिची किंमत तीन राउंड. "पिस्तूल गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला" हे वाचताना मला हेच दिसलं.

फोर्स करणं (पैसे कमी असताना अशी खरेदी करणं) नेहमी चूकच असतं असं नाही. पाचही जणांनी ठरवून केलं तर तो डाव असतो, कारण पिस्तूल जिंकणाऱ्यांच्याही हातात दुसऱ्या राउंडला बहुतेक स्पेक्टर किंवा बुलडॉगच असते. सत्यानाश होतो तो तिघांनी घेतलं आणि दोघांनी वाचवलं तेव्हा. हाही राउंड जातो आणि पुढच्यालाही पाच बंदुका होत नाहीत.

माझं म्हणणं असं की राग सगळ्यात आधी खरेदीत दिसतो. चॅटमध्ये बराच नंतर येतो. मी शांत आहे की नाही हे मी स्वतःला विचारतच नाही, कारण उत्तर कायम "हो" येतं. मी काय घेतलं ते बघते. शील्ड न घेता मोठी बंदूक घेतली, दोनदा बंदूक बदलली, कधी न वापरलेला ऑपरेटर (महागडी स्नायपर) घ्यावासा वाटला, स्मोक पूर्ण न भरताच बाहेर पडले, की समजायचं, बाई, तुझं डोकं फिरलंय.

दुसरी खूण म्हणजे पाय. ॲसेंटच्या मिडमध्ये समोरून एक ऑपरेटरवाला बसलाय असं धर. पहिल्यांदा तू सहज डोकावलास आणि मेलास. ठीक, माहीत नव्हतं. पुढच्या राउंडला पाय आपोआप तिकडेच वळतात. स्पाइक (बॉम्ब) कुठे जायचाय, टीम कुठे चाललीय, काही दिसत नाही. त्याच माणसाला, त्याच कोपऱ्यात, दाखवून द्यायचंय. शिफ्टवरचं बोट उठतं, माउस मुठीत आवळला जातो, क्रॉसहेअर डोक्यावरून घसरून छातीच्या उंचीवर येतो आणि पहिली गोळी तू पूर्ण थांबायच्या आतच सुटते. वँडलची एक गोळी डोक्यात लागली तर कितीही लांबून १६० डॅमेज, म्हणजे पूर्ण शील्डवालाही खाली. पण चालता चालता मारलेली गोळी जाते कुठे ते देवालाच ठाऊक. हे मला व्हिडिओ बघून कळलेलं नाही, माझी स्वतःची रेकॉर्डिंग बघून कळलंय. शांत राउंड आणि चिडलेला राउंड शेजारी शेजारी लावून बघ. दोन वेगळी माणसं खेळतायत असं वाटतं.

त्या ऑपरेटरवाल्याचं काय करायचं? काहीच नाही. ती बंदूक ४७०० ची आहे. त्याने एवढे पैसे एका गल्लीवर लावलेत, ती गल्ली त्याला देऊन टाक. जायचंच असेल तर आधी तुझा डोळा (रेनाची समोरच्याची नजर झाकणारी अबिलिटी) टाक, किंवा कोणाचा स्मोक मागून घे. नुसतं डोकं पुढे करू नकोस.

आता सुधारायचं कसं. पूर्ण मॅच बघत बसू नकोस, कोणाचंच तेवढं धैर्य नसतं. फक्त स्वतःचे मृत्यू बघ. मरायच्या पाचेक सेकंद आधी व्हिडिओ थांबव आणि मिनीमॅपवर बोट ठेव. त्या क्षणी तुला काय काय माहीत होतं? समोरचे किती कुठे दिसले होते? तू मेलास तर तुझ्या मारेकऱ्याला लगेच मारेल असं जवळ कोण होतं? मग वहीत एकच शब्द लिहायचा. माझे चार आहेत: "एकटी", "माहीत असून", "पळताना", "नशीब". नशीब हा रकाना ठेवायचाच. तो नसला की आपण खोटं लिहायला लागतो. स्मोकमधून आंधळी गोळी येऊन डोक्यात बसली तर त्यातून काय शिकणार? लिहायचं नशीब, पुढे जायचं.

रेना सोड असं म्हणणार नाही. पण तिच्याबद्दल एक गोष्ट ध्यानात घे. जीव भरून घेणं आणि निसटून जाणं, तिची ही दोन्ही कामं समोरचा कोणी मेल्यावरच चालतात. ज्या दिवशी नेम लागत नाही त्या दिवशी ती टीमला डोळ्यापलीकडे काही देत नाही. म्हणजे वाईट दिवस आणखी वाईट होतो, आणि तू आणखी चिडतोस. मी ओमेन खेळते. माझा नेम गेलेला असला तरी स्मोक तेवढाच गोल पडतो आणि तितकाच, पंधराएक सेकंद, टिकतो. एखादा असा एजंट हाताशी ठेव.

टीममेटबद्दल मी काय बोलू? माझा माइक बहुतेक वेळा बंदच असतो. बाईचा आवाज ऐकला की काही जणांना राउंड सुचत नाही, मीच सुचते. म्हणून पिंग करते (नकाशावर खूण टाकते) आणि चार शब्द टाइप करते. "टीममेट बोलत नाहीत" ही तक्रार करायला मला तोंडच नाही, कारण कुणाच्या तरी मॅचमधली ती न बोलणारी टीममेट मीच असते.

---

शक्यता_शून्यनाही

धूरवालीने खेळाचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो. सलग हरण्याबद्दल लोकांचा अंदाज फार चुकतो.

प्रत्येक मॅच ५०-५० आहे असं धर. नाणेफेक. अशा १०० मॅचमध्ये कधीतरी सलग ५ हरण्याची शक्यता किती? ८१ टक्के. सलग ६ ची जवळपास ५५ टक्के. सलग ७ ची साधारण ३२. म्हणजे ज्याच्यात काहीही बिघडलेलं नाही अशा खेळाडूलाही १०० मॅचमध्ये सलग पाच हार न दिसणं हेच अपवादात्मक. ती रांग आली की तू कारण शोधायला लागतोस: माउस, सेन्सिटिव्हिटी, सर्व्हर, टीममेट, "गेमच मला हरवतोय". कित्येकदा कारण नसतंच.

आणि ५०-५० का धरायचं? कारण मॅचमेकर ते मुद्दाम करतो. बुद्धिबळातली एलो पद्धत बघ, अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेली, फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने सरासरी ७६ टक्के गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. ४०० चा फरक असेल तर ९१. म्हणजे स्पष्टपणे वरचढ माणूससुद्धा चारातला जवळपास एक गुण सोडून येतो. व्हॅलोरंटचं आतलं सूत्र कंपनीने जाहीर केलेलं नाही, पण दिसणाऱ्या रँकमागे एक न दिसणारं एमएमआर (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) आहे आणि समोर शक्यतो तोडीस तोड टीम आणायची हे उघड आहे. तू सुधारलास की समोरचेही सुधारलेले येतात. त्यामुळे "मी चांगला झालो की जिंकायला लागेन" ही अपेक्षाच फसवी आहे. थोडे दिवस जिंकशील, मग वरच्या पातळीवर पुन्हा निम्म्या हरशील.

वर चढणारा माणूस कसा दिसतो ते बघ. १०० पैकी ५५ जिंकतो, ४५ हरतो. दर मॅचला साधारण २० आरआर इकडेतिकडे धरले तर हाती लागतात २००, म्हणजे दोन पायऱ्या. गोल्ड १ वरून गोल्ड ३. एवढ्यासाठी तो ४५ वेळा हरलाय, आणि त्यातल्या काही सलग.

एक पळवाट आहे ती मात्र बंद करतो. नाण्याला राग येत नाही. मागची फेक हरलं म्हणून ते पुढची वाईट पडत नाही. तू पडतोस. तुझी सलग पाचवी हार नाण्याची असेलही, पण पहाटे दोनला लावलेली सहावी तुझी स्वतःची आहे.

"तुझ्या टीममध्ये वाईट खेळाडूंना चार जागा, समोर पाच, म्हणून शेवटी फायदा तुलाच" हा हिशेब इथे कोणीतरी टाकणारच, म्हणून आधीच सांगतो: तो बरोबर आहे, आणि रात्री अकराला हरल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

---

अर्धा_डिफ्यूज

रेकॉर्डिंग होती, बघितली.

चौदाव्याला स्पेक्टर आणि लाइट शील्ड. पंधराव्याला शेरीफ पिस्तूल. ओळखलंस. पण माझी बाजूही ऐक: माझ्या आधी तिघांनी स्पेक्टर घेतल्या होत्या. मी एकट्याने वाचवून काय उपयोग होता?

मृत्यूंचे चार रकाने केले. "नशीब" मध्ये मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच कमी पडले. सगळ्यात लांब यादी "एकटा" ची. कोणीच इतक्या जवळ नव्हतं की मला मारणाऱ्याला लगेच मारेल. रेना घेतली की सगळ्यांच्या पुढे पळायचं असं मी धरूनच चाललो होतो, आणि बाकीचे मागे स्मोकची वाट बघत उभे.

पण एक विचित्र गोष्ट दिसली. पहिल्या हाफमध्ये, ९-३ च्या वेळीही, मी तसाच मरत होतो. एकटा पुढे जाऊन, कित्येकदा त्याच जागी. फरक एवढाच की आमची किलजॉय (सापळे लावणारी एजंट) बी साइट (स्पाइक लावायची एक जागा) एकटीने धरून बसली होती. तिचा टरेट आणि नॅनोस्वार्म यांवर ते येऊन आपटत होते. राउंड आपला होत होता, म्हणून मला काही दिसलंच नाही. मग जिंकलेल्या मॅचही बघायच्या का? जिंकल्यावर हे करायला जिवावर येतं हो.

शक्यता_शून्यनाही, ८१ टक्क्यांचं वाचून खरंच बरं वाटलं. दोनला लावलेल्या मॅचचं वाचून नाही वाटलं.

---

तारवाले_काका

मी चाळिशी ओलांडून गेमिंगला लागलेला माणूस. सायफर खेळतो. तुम्हा मुलांइतके हात माझे चालत नाहीत, ते मी मान्य करून टाकलंय, आणि त्यामुळे खेळ सोपा झालाय. जिथे आधी कोण दिसेल त्यावर सगळं ठरतं अशा जागी मी उभाच राहत नाही. दोन तारा, एक कॅमेरा, आणि तार वाजली की मग बंदूक वर. तुला एकटा मरायची सवय आहे म्हणतोस, तर थोडे दिवस असा एजंट खेळून बघ ज्याला पुढे जायचंच नसतं. तू सोडून बाकीचे काय करतायत हे पहिल्यांदा दिसेल.

धूरवालीशी एका बाबतीत माझं जमत नाही. खरेदी बघून राग ओळखायचा हे तिला जमतं, कारण तिला वहीची शिस्त आहे. मला नाही जमत. रागावलेला माणूस आपली खरेदी बरोबर कशी होती याची कारणंही शोधून काढतो. मी तर मोठा वकील आहे त्यात. म्हणून माझा नियम अडाणी आहे: सलग दोन हरलो की बंद. मॅच लावण्याआधी घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवायचं. तुझ्या बहिणीला सांग. ती आनंदाने पहारा देईल.

सवय होते का, हे विचारलंस. मला नाही झाली. कालच एक मॅच स्पाइक अर्धा डिफ्यूज करून हरलो (तुझं नाव बघून म्हणूनच इथे थांबलो). साडेतीन सेकंद पूर्ण झाली, मी उगाच सोडून मागे बघितलं, कोणी नव्हतं, परत लागलो तोवर वेळ गेला. सात सेकंदांचं काम, निम्मं झालं की तेवढं जमा राहतं, हे ठाऊक असूनही. लागलं. जेवताना पण लागत होतं. पण झोपताना मी दुसऱ्याच विचारात होतो. आधी तसं नव्हतं.

झोपेबद्दल एक करून बघ. शेवटची मॅच आणि अंथरूण यात अर्धा तास काहीतरी हाताने करायचं काम ठेव. भांडी, कपड्यांच्या घड्या, काहीही. फोनवर त्याच गेमच्या क्लिप बघितल्यास तर तो अर्धा तास मोजायचा नाही.

---

पिंगेश

काका, दोनच्या नियमाला माझं अनुमोदन. आठवड्याचा उपाय मागे घेत नाही, पण दोनचा जास्त जमण्यासारखा आहे.

---

धूरवाली

काका, दोनच्या नियमाने नुकसान होतं असं मी म्हणत नाही. पण ११-१३ हरलेली आणि तीन-तेरा हरलेली मॅच एकाच मापाने कशी मोजायची? कधी कधी मी अटीतटीची मॅच हरून इतकी छान खेळत असते की तिथे थांबणं जिवावर येतं. उलट १३-४ जिंकूनही डोकं तापलेलं असतं, कारण कोणीतरी पूर्ण वेळ टोचत होता. ती मॅच जिंकली म्हणून तुमचा नियम मला पुढची लावू देतो. अर्धा_डिफ्यूजला मात्र आत्ता तुमचाच नियम लागू पडेल. पहाटे दोनला वही कोण उघडतंय.

जिंकलेल्या मॅच बघायच्याच. किंबहुना आधी त्याच बघ. हरलेली बघताना आपण आरोपी शोधत असतो. जिंकलेलीत कोणावर खटला नसतो, त्यामुळे डोळे जरा स्वच्छ असतात. तुला किलजॉय दिसली ती ९-३ च्या हाफमध्ये, ११-१३ मध्ये नाही. पूर्ण हाफ नको, तुम्ही पुढे असताना झालेले तुझे मृत्यू तेवढे काढ.

आता तुझा तिघांनी स्पेक्टर घेतल्याचा प्रश्न. तिघांनी घेतल्या असतील तर तूही घे. बरोबर काय होतं हा वाद राउंड संपल्यावर. चार-एक पेक्षा पाच-शून्य बरं, मग ते पाच वाचवणारे असोत की उधळणारे. पण एकदा सगळ्यांनी उधळलंच आहे तर एकेकटे वेगळ्या गल्ल्यांतून जाऊ नका. स्पेक्टर लांबून काही करत नाही. पाच जण मिळून एका साइटवर, जवळून, दोघे दोघे खांद्याला खांदा लावून. पहिला पडला तर दुसऱ्याने त्याच क्षणी मारणाऱ्याला घ्यायचं. तिथे तुझा "एकटा" रकानाही आपोआप आटेल.

आणि पंधराव्याला शेरीफ घेऊ नकोस. चौदावा हरलात, २४०० आले. त्यातले ८०० शेरीफवर घातलेस तर उरले १६००. हाही गेला की वर २९००, म्हणजे सोळाव्याला ४५००. यात वँडल आणि हेवी शील्ड बसतं, पण अबिलिटी भरून घेतल्यावर जवळ काहीच उरत नाही. शेरीफही न घेता क्लासिकवर काढलास तर ५३००. रेनाचा डोळा आणि बाकी सगळं भरून वर थोडं उरेल, एखाद्या टीममेटला कमी पडत असेल तर त्याला हातभार लावता येईल. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला कमीत कमी किती मिळतील तो आकडा लिहिलेलाच असतो, बंदुकीवर क्लिक करायच्या आधी तो बघायचा.

हे सगळं चौदाव्याला सुचवून चालत नाही, तोपर्यंत लोकांनी बटणं दाबलेली असतात. तेराव्याच्या खरेदीच्या वेळात, कोणी हरलेलं नसताना, एक ओळ टाइप कर: "पिस्तूल गेला तर पुढचा सेव्ह, चालेल?" दोघांनी जरी "चालेल" लिहिलं तरी पुरे. बाकीचे दोघे बहुतेक वेळा पाकिटांचे आकडे बघून आपसूक मागे येतात.

---

अर्धा_डिफ्यूज

आज लावतोय. बहिणीला दोनचा नियम सांगितला, तिने लगेच घड्याळाकडे बघितलं. तेराव्याची ओळ कॉपी करून ठेवलीय. काका, सायफरच्या तारा ॲसेंटच्या बी साइटवर कुठे लावता?

---

तारवाले_काका

बी मेनमधून आत येताना एक पायाशी, दुसरी मार्केटच्या बाजूला, मागून येणाऱ्यासाठी. पायाशी लावलेली सगळ्यांना माहीत असते, म्हणून दर दोन-तीन राउंडला थोडी पुढे-मागे सरकव. कॅमेरा उंचावर, पण अशा जागी की तू स्वतः त्याच्या रेषेत नसशील. लोक कॅमेरा फोडतात आणि तिथूनच सरळ पुढे गोळ्या घालतात.